मामांचं जर्मन मंत्रिमंडळ

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात जर्मनीचं मंत्रिमंडळ तोंडपाठ असलेला एकच माणूस होता आणि तो माझा मामा होता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. बाकीच्या मामांनी आपापल्या भाच्यांना सायकल शिकवली, पोहायला शिकवलं. माझ्या मामांनी मला चार पक्षांचं सरकार कसं बसवतात ते शिकवलं. त्याचा मला उभ्या जन्मात काडीचा उपयोग झाला नाही, पण ते जाऊ द्या. मावल्याच्या रस्त्याला त्यांचं किराणा दुकान होतं, आणि मी त्यांच्याकडेच राहून दुकानात हाताखाली असायचो. जर्मनी सोडा, नागपूरसुद्धा त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही दाढ काढायला गेले तेव्हा.

हा नाद त्यांना लागला तो रद्दीतून. पुड्या बांधायला नागपूरची मराठी आणि हैदराबादची उर्दू वर्तमानपत्रं वजनावर यायची, आणि निजामाच्या शाळेत शिकलेले मामा दोन्ही वाचायचे. दिवस मोठे धांदलीचे होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे वजीर गेले, लष्करी गव्हर्नर आले, तेही गेले, मुलकी कारभार आला, मग निवडणूक होऊन मंत्री आले, आणि त्यांची नावं पाठ होताहेत तोच राज्याचेच तुकडे पाडायची भाषा सुरू झाली. मामा वैतागले. "नाव पाठ करावं त मानूसच जाग्यावर राहत नाही," म्हणायचे. या धांदलीच्या सुरुवातीलाच तिकडे पश्चिम जर्मनीत सत्तरी उलटलेला एक म्हातारा एका मताने चान्सलर, म्हणजे तिकडचा पंतप्रधान, झाला. ते एक मतही म्हणे त्याचं स्वतःचंच. आणि एकदा बसला तो उठायचं नावच घेईना. रद्दीचा नवा गठ्ठा सुटला की मामा आधी त्याला शोधायचे, आणि तो जागेवर दिसला की मग चहाला हात लावायचे.

अडचण एवढीच होती की रद्दी सहा-सहा महिने जुनी असायची. तिकडे एखाद्या मंत्र्याने उन्हाळ्यात राजीनामा दिला तरी मावल्यात तो दिवाळीपर्यंत कारभार बघायचा. शिवाय पुडीत कोण जाईल याचा भरवसा नसे. एकदा मी भीमपूरच्या एका बाईला मीठ बांधून दिलं आणि ती गेल्यावर मामांच्या लक्षात आलं की त्याच कागदावर नवं खातेवाटप छापलं होतं. मामा अनवाणी धावत सुटले. तिची बैलगाडी गाठली.

"बाई, तेवढा कागद दे मले."

"अन मीठ काय पदरात नेऊ?" बाई म्हणाली.

मामांनी खांद्यावरचा नवा पंचा तिच्या हवाली केला आणि कागद घेऊन विजयी मुद्रेने परत आले. मजूरमंत्र्याचं नाव मात्र मिठाच्या ओलीने पुसलं गेलं होतं, त्यामुळे महिनाभर आमच्याकडे ते खातं रिकामंच राहिलं. मामींनी रात्री पंचा कुठे आहे विचारलं, तर मामा म्हणाले, "सरकारी कामात गेला." मामींना सवय होती.

सोयरीक जुळवायला मामांना नेऊ नये, हेही चार गावांत ठरून गेलं होतं. बाजारहत्नूरला एका बैठकीत मानपानावरून दोन्हीकडचे अडून बसले, तेव्हा मामा मध्येच म्हणाले, "मोठ्या लढाईच्या आंधी जर्मनीत चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं पडली. काऊन? पाडाले सारे एक व्हत, बसवाले कोनीच नाही. म्हनून आता कायदाच केला त्याइनं. चान्सलरले काढाचं त काढा, पन त्याच्या जागी कोन, हे त्याच मतात ठरवा. नुसतं पाडनं बंद." मुलाच्या बापाने उचललेली सुपारी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे हे सोयरीक मोडते म्हनता का तुमी?" त्यानंतर मामांना लग्नाची पत्रिका यायची, बैठकीचं बोलावणं यायचं नाही.

हाच कायदा पुढे घरात शिरला. धाकटे मामा मराठी शाळेत मास्तर होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा मामांनीच त्यांना वाढवलेलं. राज्यांची फेरमांडणी झाली, पैनगंगेपलीकडचं यवतमाळ मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही आंध्रात. धाकट्या मामांची सासुरवाडी पांढरकवड्याची. तिथली शाळा त्यांना घ्यायला तयार होती. एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "दादा, मले तिकडं जाऊ दे. इथं माही पोरं उद्या कोनत्या भाषेत शिकतीन, कोनाले मालूम?"

मामांच्या हातात तराजू होता, तो तसाच राहिला. "मी घराचा कर्ता हाव," ते म्हणाले. "मी घर फोडनार नाही."

"मंग कर्ता बदलू."

मामांचा चेहरा एकदम उजळला. "बदल ना. पन आंधी नवा कोन ते सांग. नुसतं पाडनं बंद."

आता नवा कर्ता आणायचा कुठून? धाकटे मामा तर जायलाच निघालेले. मी भाचा, म्हणजे पाहुणा. मामी म्हणाल्या, मले सैपाकातून सवड नाही. झालं, मामा जे बसले ते त्या म्हाताऱ्यासारखेच, दोन वर्षं हलले नाहीत. खरं सांगतो, त्यांना कर्तेपणाचा सोस कधीच नव्हता. त्यांना भाऊ नजरेआड व्हायला नको होता, आणि ते तोंडाने बोलता येत नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी जर्मनी मध्ये घातली होती.

मग एका संध्याकाळी धाकटे मामा ओसरीवर येऊन म्हणाले, "दादा, नवा कर्ता भेटला. वयनी."

मामा मोठ्याने हसले आणि मामींकडे पाहिलं. मामी तूर पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "चालते मले."

धाकट्या मामांनी हात वर केला, धाकट्या मामींनी केला. माझ्याकडे सगळे बघायला लागले, तेव्हा आपण कोणाच्या हातचं जेवतो हे आठवून मीही केला. "भाच्या, तूबी?" मामा म्हणाले, आणि माझी मान खाली गेली.

मामींनी सूप बाजूला ठेवलं. "भाऊजी, तुमी जा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपासून अर्धी भाकर खाऊन राह्यले तुमी. मले दिसते सारं."

कायदा मामांनीच आणलेला, आता मोडणार कसा? कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी मामींपुढे ठेवला, आणि उठता उठता म्हणाले, "मले एक खातं पायजे."

"सरपनाचं घ्या."

"नाही. जर्मनीचे दोन तुकडे झाले ना, त पलीकडच्या तुकड्यातल्या आपल्या मानसाइचं पाहाले तिथं एक अलग मंत्री हाय. ते खातं मले दे."

मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "घ्या."

ते खातं मामांनी मरेपर्यंत सांभाळलं. पोळ्याला, दिवाळीला पांढरकवड्याची बस यायच्या आधी ते दुकान बंद करून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. धाकटे मामा उतरता उतरता चिडायचे, "काऊन उभा राहतं उनात, दादा? मले काय घर मालूम नाही?" मामा त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचे आणि म्हणायचे, "माहं खातं हाय ते." मामा गेले त्या वर्षी दिवाळीला धाकटे मामा उतरले, बस निघून गेली, तरी पिशवी धरून ते रस्त्यावरच उभे. मी दुकानातून पाहिलं आणि गेलो. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "घर मालूम हाय रे मले." पण त्यांचा पाय काही उचलेना. मग मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.