कडूबाची बिडी

कडूबा माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, पण कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे बरोबर सांगायचा. पुढं नाडी जमली. खोटं बोलणं मात्र कधी जमलं नाही. चोरून गूळ खाल्ला की स्वतःच येऊन विचारायचा, "वैनी, गूळ कमी झालाय का गं?"

आमची मेंढरं शेंद्र्याच्या गायरानावर चरायची. उन्हाळा सरत आला की वाळकं गवत पेटवून द्यायचं, म्हणजे पावसानंतर राखेतून कोवळं हिरवं फुटतं, अशी आमच्या लोकांची रीत. तिथं कुणी हटकलं नाही. मग शेंद्र्याला कारखाने आले, गायरानावर पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. त्यात दुष्काळ. आम्ही मेंढरं घेऊन कन्नडच्या डोंगराकडं सरकलो. तिथं राखीव जंगल. वनरक्षक रामहरी भला माणूस. कडेच्या उतारांवर चारू द्यायचा, पण बजावायचा, "आगीचं नाव काढू नका. जेल होते. अन् मुद्दाम लावलेली निघाली तर सगळ्यांचीच चराई बंद होईल."

कडूबानं मान हलवली. पण पिढ्यांची सवय मान हलवून जाते व्हय? एका दुपारी त्यानं उतारावरचं गवत पेटवलं. वारा फिरला अन् जाळ जंगलात शिरला. पहिली बोंब त्यानंच ठोकली. घोंगडं घेऊन जाळावर धावला, त्याच्यामागं आम्ही ओल्या फांद्या घेऊन. रामहरीची माणसं आली, तेव्हा कुठं आग आटोक्यात आली. कडूबाच्या घोंगड्याची चाळण झाली, त्याची मिशी एका बाजूनं गेली.

चौकीवर जाताना आमच्या मालकांनी, म्हणजे त्रिंबकनं, भावाला पढवलं, "बिडीची ठिणगी उडाली म्हण. चुकून झालं म्हटलं की निभावंल."

रामहरीनं विचारलं, "कुणी लावली?"

"बिडी पडली, साहेब."

"कुणाची?"

"माझी."

रामहरीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, खिशातून बिडी काढली. "दमलास. घे, ओढ."

कडूबानं उलटं टोक तोंडात धरलं. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. चौकीवरची माणसं हसली, रामहरीपण हसला. कडूबा डोळे पुसत म्हणाला, "नाय साहेब. मीच लावली, काडीनं. कोवळं गवत यावं म्हणून."

"अरे गाढवा!" त्रिंबकनं कपाळावर हात मारला. "जरा तरी दम धरायचास!"

रामहरीचं हसू गेलं. "आता मला लिहावं लागंल, कडूबा."

"लिवा. पण ह्यांची चराई बंद करू नका. ह्यांनी काडी नाय ओढली."

कोर्टातही तो तेच बोलला. शिक्षा झाली, हर्सूलच्या जेलात गेला. रामहरीनं वरच्या साहेबांकडं रदबदली केली, म्हणून बंदी तेवढ्या जळलेल्या उतारापुरती राहिली. मी भेटायला गेले तर माझी खुशाली राहिली बाजूला, जाळीतून पहिला सवाल, "लंगडी मेंढी मागं तर राहत नाय ना?"

तो सुटून आला त्या साली पाऊस बरा झाला. बंदीच्या उतारावर लई गवत माजलं, लुसलुशीत. मेंढरं रोज तिकडं ओढ घ्यायची अन् कडूबा काठी आडवी धरून हद्दीवर उभा राहायचा. "मागं फिरा गं बायांनो! तिकडं गेलात तर आता तुम्हाला धरतील, अन् मला जामीन राहावं लागंल."

मेंढरं कुठली ऐकतात! दिवसभर त्याला तिथून हलता यायचं नाही. भाकरी मी तिथंच नेऊन द्यायची.