जहाजकाकू आणि चहाचा ट्रे

तुमच्या घरी दिवाळीत पत्त्यांचा डाव बसतो, तेव्हा चहा कोण आणतं?

आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या काकू आणत. लक्ष्मीपूजन आटोपलं की बाबा आणि त्यांचे मिलमधले मित्र सतरंजीवर तीनपत्ती मांडून बसत. आईच्या मदतीला आलेल्या काकू ट्रे घेऊन त्यांच्या पाठीमागून फिरत. सगळ्यांचे पत्ते त्यांना दिसत, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. ओठांवर एकच प्रश्न, "साखर किती?" हरायला आलेला कोणी गयावया करी, "वहिनी, सांगा न, राणी कोणाकडं आहे?" "राणी चहा गाळून राहिली," काकू म्हणत आणि कप ठेवून पुढे सरकत. मी दारात उभी राहून हे बघत असे आणि थक्क होत असे.

त्यांचा नवरा पोलादाचे जाड पत्रे लाटणाऱ्या प्लेट मिलमध्ये होता. "आमच्या प्लेटांची जहाजं बनते," असं तो छाती फुगवून सांगे. समुद्र मात्र त्याने कधी पाहिला नाही. तो लवकर गेला. त्याच्या जागी काकू कारखान्याच्या ऑफिसात लागल्या, मुलाला शिकवलं, आणि रिटायर होताच त्यांनी जाहीर केलं, "मी जहाजात बसाले चालली."

नागपूरच्या ट्रॅव्हल कंपनीचा माणूस आला. सिंगापूरहून सुटणाऱ्या दोन जहाजांचे रंगीत कागद त्याने पसरले. "काकू, हे भजनवालं तुमच्यासाठी. शुद्ध शाकाहारी. दुसऱ्यावर कसिनो आहे, जुगार चालते तिथं." काकूंनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

जामुलच्या सिमेंट कारखान्यातला त्यांचा मुलगा उसळला. "लोक काय म्हणतीन, आई? विधवा बाई जुगार खेळाले चालली? चारधामले जा न!"

"देव इथंबी भेटते रे. समुद्र भेटते का? अन् खेळीन मी, तुले कावून लाज?"

त्याने आईशी बोलणं टाकलं. एकुलता एक मुलगा. काकू आतून खचल्या असतील, पण बोट त्या कागदावरून हललं नाही.

मी तर तोवर चळवळीत पडलेली, पत्रकं वाटणारी मुलगी. खुर्सीपारच्या वस्तीत घरोघरी जाऊन वाटलेलं जुगारविरोधी पत्रक मी त्यांनाही दिलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बराबर लिवलं पोरी. तुह्या बापाले दिलं होतं का?"

"दिलं होतं."

"मंग?"

"त्यांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला."

"मी तं पुरं वाचलं. आता जाऊ दे मले."

मी उरलेली पत्रकं पिशवीत घातली.

निघायच्या दिवशी मुलगा दुर्ग स्टेशनवर आला. बॅग त्यानेच डब्यात चढवली.

परतल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं. "जहाजात चढल्यावर आधी लोखंडाले हात लावला. म्हटलं, तुह्या काकाच्या हातचं असन का?" मग म्हणाल्या, "मंग पत्त्याच्या टेबलाशी बसली."

"हरलात की जिंकलात?"

"ते सोड वं. टाय घातलेला एक पोरगा आला, वाकला, अन् माह्यासमोर चहा ठेवला. माह्या हातात पत्ते, अन् चहा दुसऱ्यानं आणला! वरून मले विचारते, शुगर? इतकी वर्षं मीच विचारून राहिली होती, साखर किती, साखर किती. मले कोणी विचारलंच नव्हतं. सांगाचंच राहून गेलं त्याले. नुसती पाहून राहिली."

पुढच्या दिवाळीआधीच काकू वारल्या. दिवाळीला त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. डाव मांडला होता. तो बसला नाही, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि माझ्या आईच्या हातून ट्रे घेतला.

जुगाराला माझा आजही विरोध आहे, आणि पत्रकं मी वाटतच राहणार. पण हे वाचून झाल्यावर एवढं करा. आज आपल्या घरात ट्रे जिच्या हातात आहे, तिला खाली बसवा. चहा तुम्ही करा. आणि गाळण्याआधी तिला विचारा, साखर किती.