सर्व नावाचा पाडा

लोकशाहीवर भाषण करायला वेळ हवा होता, म्हणून मी एक अख्खा पाडा कापला होता.

ज्या बाईने तो मला पायी चालत जाऊन परत जोडायला लावला, ती रायलीबाई आज सकाळी गेली.

म्हसावदजवळच्या आमच्या कम्युनिटी रेडिओवर ती पावरी बोलीतून ग्रामसभेची सूचना द्यायची. सभा कुठे, कधी, विषय काय.
आणि शेवटी एकेका पाड्याचं नाव. सावकाश. हाक मारल्यासारखं.

"आंबापाडा, या. उंबरपाडा, या. सागपाडा, या."

सगळे पाडे व्हायला चार मिनिटं लागायची. मला ती चार मिनिटं खुपायची.

मी लोणखेड्याहून बाइकवर यायचो, रेडिओवर भाषणं द्यायला. बॅगेत पुस्तकं, डोक्यात राज्यघटना. रायलीबाई मला मास्तर म्हणायची आणि ऐकून झालं की सांगायची, "मास्तर, तू चांगला बोलतो. पण लई बोलतो."

ती सगळ्यांनाच 'तू' म्हणायची. तहसीलदारालाही.

एका बुधवारी ती आजारी होती. सूचना मीच द्यायची ठरलं. विषय मोठा होता : नवी अंगणवाडी कोणत्या पाड्यात बांधायची.

लोकसहभागावर मी जोरदार बोललो. आजही सांगतो, भाषण चांगलं होतं.

रेकॉर्डिंगवाल्या सुभाषने खूण केली. "सर, टाइम नही शे. आते नावं?"

मी म्हणालो, "राहू दे नावं. सर्व ग्रामस्थांनी यावं, असं म्हणतो."

गुरुवारी सभा झाली. रस्त्याकडच्या पाड्यांना एकमेकांकडून कळलं होतं, सागपाड्यातून एक माणूस आला नाही.
अंगणवाडी आंबापाड्याला मिळाली. डांबरी रस्त्याला लागून.

सागपाड्याची पोरं नाला ओलांडून येतात. पावसाळ्यात येतच नाहीत.

शुक्रवारी सकाळी रायलीबाई स्टुडिओत. अंगात ताप, डोक्याला फडकं बांधलेलं. बसलीसुद्धा नाही.

"सागपाडा कुठे गेला?"

"बाई, मी सर्वांना बोलावलं होतं. सर्व ग्रामस्थ म्हणालो."

"सर्व कोणाचं नाव आहे?"

मी नावांची यादी पुढे ओढली.

"सर्व नावाचा पाडा मला दाखव. चल, आत्ता दाखव."

सुभाष मागून हळूच म्हणाला, "जा सर. ती कोनं ऐकस का?"

डोंगरात घरं लांब लांब. लग्न असो, पूजा असो, निरोप पाड्याचं नाव घेऊनच जातो. नाव घेतलं नाही, तर बोलावलंच नाही. आणि न बोलावता जाणं म्हणजे अपमान करून घेणं.

मी एवढी पुस्तकं वाचली होती. हे वाचलं नव्हतं.

जीप आंबापाड्यापर्यंत. पुढे नाला आणि चढ. तापात ती पुढे, मी धापा टाकत मागे.

सागपाड्याच्या कारभाऱ्याने खाट टाकली, पाणी दिलं. मग म्हणाला, "या वेळी आमचं काम नसेल, असं समजलो आम्ही."

रागावला असता तर बरं झालं असतं.

मी सुरू केलं, "लोकशाहीत प्रत्येक घटकाला..."

रायलीबाईने कोपर मारलं. "मास्तर. थोडक्यात."

"चूक माझी. नाव मी कापलं."

हेच तिने त्या संध्याकाळी मला रेडिओवरही बोलायला लावलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण.

आता जे सांगतो ते नीट वाचा.
रायलीबाई आंबापाड्याची. अंगणवाडी तिच्या दारात येणार होती. तिची नात तीन वर्षांची होती. गप्प बसली असती, तर तिचाच फायदा होता.

ती पंचायतीत गेली. पुन्हा सभा घे म्हणाली.

ग्रामसेवक म्हणाले, "बाई, ठराव झाला. रजिस्टर बंद झालं."

"वही आहे ना ती? उघड."

सागपाड्याने अर्ज दिला, अंगठे उठवले, चार खेपा घातल्या. सभा पुन्हा लागली. या वेळी नावं तिनेच घेतली, आणि सागपाडा सगळाच्या सगळा खाली उतरला. म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन.

सभेत रायलीबाई उभी राहिली. "अंगणवाडी सागपाड्याला द्या."

तिचाच पुतण्या ओरडला, "काकी, तू आमची का रेडिओची?"

"तुझीच आहे. म्हणून तुझ्या पोरांना चालायला लावते. तुझ्या घरात सोडायला माणूस आहे, तुझी पोरं मोठ्या पुलावरून फिरून जातील. त्यांचे आईबाप मजुरीला, पोरं एकटी नाल्यातून येतात. तू एकदा ये त्या नाल्यातून, भादव्यात. मग ओरड."

लोक हसले. मग हात वर झाले. आधी सागपाड्याचे, मग उंबरपाड्याचे. शेवटी पुतण्याचासुद्धा.

तिची नात फिरून चालत त्या अंगणवाडीत गेली. शाळेत जाईपर्यंत, रोज.

पंचायतीतल्या मित्रांनो, घरोघरी रजिस्टर फिरवून अंगठे गोळा करता आणि खाली लिहिता 'सर्वानुमते'. त्या 'सर्वां'तली नावं घेऊन दाखवा. एका दमात नको, सावकाश घ्या. कोण सुटलंय ते तुमच्याच जिभेला कळेल.

रायलीबाईला सहीपुरतं लिहिता यायचं. या जिल्ह्यात लोकशाही तिच्याइतकी मला कुणीच शिकवली नाही. हे मी कोणत्याही व्यासपीठावर सांगेन.

दुपारी सागपाड्याच्या अंगणवाडीताईंचा फोन आला. मला वाटलं, आज आमचं नाव पहिलं घ्या म्हणतील.

"सर, आमचं नाव जिथं असतं तिथंच घ्या. तिला पुढे-मागे केलेलं चालायचं नाही."

सुभाषने विचारलं, "आज नावं कोन लेई, सर?"

मी घेणार. उद्या सभा आहे, सूचना द्यायचीच आहे. पावरीचे माझे उच्चार चुकतील. लोक हसतील. हसू देत.

संध्याकाळी सहाला रेडिओ लावा. भाषण नाही.

आंबापाडा, या.
उंबरपाडा, या.
सागपाडा, या.

चार मिनिटं लागतील. पूर्ण घेईन.

रायलीबाई, जोहार.