बबनरावांच्या म्हशीचा कान

दुष्काळात उघडलेल्या उमापूरच्या चारा छावणीत बबनरावांच्या म्हशी दोनच. त्यातली म्हातारी मरावी म्हणून जानकीबाई वाट बघत होती, आणि तिची लेक शिवकन्या त्याच म्हशीला हातानं वैरण चारत होती.

शिवकन्येचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आता तो गेलाच होता, आणि उजवाही वाहू लागला होता. जानकीबाई दूध सोसायटीत कॅन धुवायची. रोज संध्याकाळी ती लेकीच्या पाठीमागं उभी राहून कॅनच्या झाकणावर बोटानं टकटक करायची. पोरगी वळली, की त्या दिवसापुरता आईच्या घशाखाली घास उतरायचा.

त्याच दुष्काळात औरंगाबादहून संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आल्या. काही माणसांच्या कानात पडद्यामागं कातडी वाढते आणि हाड खात जाते; शिवकन्येलाही तेच झालं होतं. जनावरांत असं क्वचितच दिसतं. का, ते कळण्यासाठी त्यांना गाय, शेळी, मेंढी, म्हैस यांच्या मधल्या कानाच्या अस्तरातली प्रथिनं माणसाच्या प्रथिनांशी ताडून बघायची होती.

"जनावरांचे नमुने पुरे झाले की माणसांचे घेऊ," मॅडम म्हणाल्या. "शिवकन्येचं ऑपरेशन त्यातच करू. काढलेला तुकडा आम्हाला, कान तिला. पण मार्चच्या आत. मग हे काम बंद होईल."

जानकीबाईचा नवरा मोहन मेलेली जनावरं सोलायचा. त्यानं कानामागचं हाड कापून द्यायचं, तिनं ते सोसायटीच्या बर्फात घालून एस्टीनं पाठवायचं, असं ठरलं. गाय झाली, शेळी झाली, मेंढी झाली. म्हैस तेवढी राहिली.

"कावून रोज टक लावून बघतीस गं तिच्याकडं?" बबनराव एकदा म्हणाले. "दृष्ट लावतीस का काय माझ्या म्हशीला?"

"न्हाई जी मालक. पाणी पिली का, बघत होते."

बोलताना तिची नजर वर झाली नाही.

छावणीबाहेरच्या गोठ्यांतलं दूध आटत गेलं, तसं दूध संघानं सोसायटीच्या शीतकरण केंद्राला, जिथं बर्फ व्हायचा त्यालाच, कुलूप लावलं. आणि त्याच आठवड्यात म्हातारी म्हैस मेली.

जानकीबाई सोसायटीच्या सचिवांच्या, गहिनीनाथांच्या दारी पळत गेली. "भाऊ, घमेलंभर बर्फ द्या."

"बाई, प्यायला पाणी न्हाई अन् तुला बर्फ? मशिनीत उंदरं नांदायलीत."

घरी कोपऱ्यात मोहनची मिठाची गोणी होती. मिठात घोळलेलं कातडं महिनोन् महिने टिकतं, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती. मोहननं कापून दिलेलं हाड तिनं डब्यात मिठाखाली पुरलं, वरून हातानं दाबलं, पुन्हा मूठभर टाकलं.

"लई झालं की," मोहन म्हणाला.

"होऊ दे. पोरीचं काम हाय."

चार-पाच दिवसांनी मॅडम स्वतःच आल्या. डबा उघडला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"जानकीबाई, मीठ घातलंत?"

"भरपूर घातलं, मॅडम. कमी न्हाई पडू दिलं."

मॅडमनी झाकण परत लावलं. "मीठ कातड्याला चालतं हो. आम्हाला आतलं अस्तर ताजं लागतं. यातलं आता काही वाचता येणार नाही."

"दुसरी म्हैस हाय की."

"ती धडधाकट आहे. आणि बर्फ?"

"मग ऑपरेशन?" जानकीबाईनं विचारलं.

"सरकारी दवाखान्यात नाव लावून ठेवा. वर्ष तरी जाईल." मॅडमनी शिवकन्येच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसल्या. मार्च संपला आणि त्या परत आल्या नाहीत.

उन्हाळाभर जानकीबाईनं झाकण हातात घेतलं नाही. छावणी उठायच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली. बोटानं टकटक केलं. मग मुठीनं ठोकलं.

बबनरावांच्या उरलेल्या म्हशीनं कान टवकारले आणि मान वळवून तिच्याकडं पाहिलं. शिवकन्या वाकून म्हशीपुढं वैरण सारत राहिली.