शकीलाआपा अत्तर लावत नसे

शकीलाआपाने माझ्या सासूबाईंच्या हातातली पेटती उदबत्ती ओढून घेतली आणि पाण्याच्या बाटलीत बुडवली.

"देवाची होती वं ते!" सासूबाई ओरडल्या.

"देवाले घरी लावा, मावशी. इथं नाही."

बुलढाण्यातलं टेस्ट ट्यूब बेबी सेंटर. समोरच्या बंद दारामागे, इनक्युबेटरमध्ये, आमचे तीन एम्ब्रियो होते. वय दोन दिवस.

ही आमची तिसरी खेप. चौथी करायची नाही, असं आम्ही नवराबायकोंनी ठरवलं होतं.

आपा तिथली एम्ब्रियोलॉजिस्ट, लॅबमधले गर्भ सांभाळणारी. तिने खिडकी उघडली. मग दारावरची पाटी वाचली: अत्तर, सेंट लावून येऊ नये.

"उदबत्ती लिहायची राहिली," ती म्हणाली. "चूक माझी." आणि पेनने तिथेच लिहिली.

सासूबाईंचा राग तेवढ्यात उतरला. त्यांना प्रश्न पडले होते.

"धुरानं काय होते त्याइले? नाक तं नसन अजून."

"नाक नाही, मावशी. पण हवेतलं त्या थेंबात उतरते."

"कोनता थेंब?"

"थेंबातच राह्यतात ते. वर तेलाचा थर. सदतीस अंश. ऑक्सिजन आपल्या हवेहून कमी. अंधार."

"अंधार काऊन?"

"पोटात काय बल्ब राह्यते?"

सासूबाई हसल्या. "अन् तेल? करडीचं?"

"फोडणीचं नाही, एवढं नक्की."

मला हसू येत नव्हतं. विचारलं, "धूर आत गेला असेल?"

"माहीत नाही," आपा म्हणाली. "आत्ता बाहेर काढून पाहिलं तर त्यांना गारठा लागेल. सकाळी बघू."

खोटा धीर तिने दिला नाही. त्या रात्री मला तेवढाच आधार होता.

डोणगावला आपाच्या वडिलांचं अत्तराचं दुकान. त्या वासातच ती वाढली. लॅबमध्ये लागल्यापासून मात्र ईदलाही लावायची नाही. साबणसुद्धा बिनवासाचा.

जवळ बसली तरी तिच्या अंगाला कसलाच वास नसे.

आज दुपारी आपाच्या मयतीला डोणगावला गेले. लेकीला, सुहानीला, सोबत नेलं. नऊ वर्षांची आहे. तिच्या दर वाढदिवसाला आपा घरी यायची.

बायकांनी आपाला अंघोळ घातली होती. भावाने दुकानातून एक बाटली आत पाठवली. बहिणीने आपाच्या कपाळाला, तळहातांना अत्तर लावलं.

खस. वाळ्याचा वास.

सुहानी माझ्या कानाशी आली. "आई, आज आपांना वास का येतोय?"

"आज लॅब नाही म्हणून."

आपा, ये आता. खुदा हाफिज.

उदबत्ती विझवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आपाचा फोन आला होता. दोन वाढायचे थांबले होते. एकाच्या आठ पेशी झाल्या होत्या.