शाबीमामाच्या मापाच्या वहाणा

"दोतोरा, ह्ये तळ बघ! बघ म्हणतंय ना! ह्ये काय बसून झिजले?"

शाबीमामाने कातडी वहाणा डॉक्टरच्या टेबलावर आपटल्या, आणि बाहेरच्या बाकावरचे निम्मे पेशंट न तपासताच बरे होऊन घरी गेले. आवाजच तसा! आमच्या मुळगावात त्याने म्हशीला हाक मारली की पार आमोणे गावच्या म्हशी पान्हा सोडत. हे मी अर्ध्यानं कमी करून सांगतोय.

मामा आमचा शेजारी. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, डाव्या पायाचा अंगठा साखरेनं नेलेला, आणि हृदय असं की तुळशीपर्यंत गेला तर परत आणायला खुर्ची न्यावी लागे. डायलिसिसला मीच त्याला गाडीतून नेई. मामी आपलं एक मूत्रपिंड द्यायला तयार होती, जुळलंही होतं. पण प्रत्येक डॉक्टर तेच सांगे, ऑपरेशन ह्या हृदयाला झेपणार नाही. मामा बाहेर येऊन गरजे, "ह्याका काय कळता! शाबी अजून बसाक नाय. दुसरो दोतोर बघ!" असे आम्ही पणजीपासून बेळगावपर्यंतचे डॉक्टर संपवले.

उरला देवचार. आमच्या गावची शीव तो रात्री फिरून राखतो. त्याला नवसाच्या वहाणा वडाखाली ठेवायच्या. काही दिवसांनी तळ झिजलेले दिसतात. ह्यात मी काहीच वाढवत नाही. ह्या वहाणा हातभर लांब असतात, माणसाच्या मापाच्या कधीच नाहीत. मामाने मात्र डिचोलीच्या बाजारात चपला शिवणाऱ्यापुढे स्वतःचाच पाय ठेवला. म्हातारा दचकला. "शाबी, आपला माप देव नये. जो देता, ताका देवचारासारखा रातभर फिरचा लागता."

"दितंय! शाबी कोणाक भियेना!"

त्यानंतर डायलिसिस सोडलं तर मामा खाटेवरून उठला नाही. वडाखाली ठेवलेल्या वहाणा काही दिवसांनी बघायला मीच गेलो. उजव्या वहाणेचा तळ कागदासारखा पातळ. डावी फक्त टाचेला झिजलेली; अंगठ्याची जागा कोरी करकरीत. घाबरतच मी त्या मामाला नेऊन दाखवल्या. मामा मात्र हरखला. "म्हणजे शाबी रातभर फिरता! हृदय बरां नसता तर फिरलो असतो? चल, दोतोराक दाखवूया!"

डॉक्टरने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग मामाच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग हात पुसला.

"ऑपरेशन नाही होणार," तो हळूच म्हणाला.

येताना मामा गाडीत वहाणा मांडीवर घेऊन बसला. वहाणा पुन्हा वडाखाली ठेवायला मी गाडी थांबवली, तेव्हा जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "मामीचा मूत्रपिंड तिच्याचकडे रवला. बरां झालां."

थोड्याच दिवसांत मामा गेला. बाराव्यानंतर सहज वडाखाली डोकावलो, तर उजव्या वहाणेला आरपार भोक. ओली माती चिकटलेली. धावत मामीकडे गेलो. ती तांदूळ पाखडत होती.

"मामी, वहाणा..." मला पुढे बोलवेना.

सूप न थांबवता ती म्हणाली, "ठावक आसा. नव्यो शिवूक सांगितलंय. ह्या खेपेक उजव्याचो तळ जाड घाल म्हटलंय."