एक सभा, दोन पेपर

ऐकायचं तर ऐका, पण हे कळमनुरीच्या बाहेर जाऊ देऊ नका. असला घोळ घातला होता मी की आठवलं तरी हातातला चहा थंड होतो.

तुमाला माहीतच हाय, मी इथला वार्ताहर. एका पेपरचा न्हाई, दोन पेपरांचा. एक आमचे पुढारी भाऊ, त्यांच्या बाजूचा, दुसरा भाऊंच्या विरोधातला. पहिल्यात बातमी माझ्या नावानं जाते, दुसऱ्यात बायकोच्या. हसू नका, तालुक्यात एका पेपरवर कुणाचं पोट भरतं? पण संपादकांना कळलं तर दोन्हीकडून नारळ, ही धास्ती कायमची.

रविवारी संध्याकाळी डोंगरकड्याला भाऊंची सभा. अन् त्याच दिवशी पुसेगावला दोस्ताच्या शेतात हुरडा. आता तुमीच सांगा, माणसानं जावं कुठं? भाऊंचं भाषण तर मला तोंडपाठ. म्हणून दुपारीच बसून दोन्ही बातम्या लिहिल्या. एकीत ‘भाऊंची तोफ धडाडली, मैदान अपुरं पडलं’. दुसरीत ‘सभेकडं लोकांची पाठ, खुर्च्या रिकाम्या’. दिल्या पाठवून. बायकोला म्हणालो सभेला जातो, अन् मोबाईल बंद करून पुसेगावात आगटीजवळ हुरडा खात बसलो.

सकाळी स्टँडवर गेलो तर दोन्ही पेपरांत पहिल्या पानावर मीच. तेवढ्यात डोंगरकड्याचा माझा मेहुणा एसटीतून उतरला.

“दाजी, हे काय छापलं? सभा झालीच न्हाई. भाऊंचा घसा बसला. पाच वाजताच मंडप उतरवून नेला की.”

पायाखालची जमीनच सरकली हो. भाऊंचा घसा बसलेला अन् मी तोफ धडाडवून मोकळा!

बाजूला चहाच्या टपरीवर दोन पार्ट्यांची माणसं आपापला पेपर आपटून भांडून राहिली होती. एक म्हणे पाय ठेवायला जागा न्हवती, दुसरा म्हणे कुत्रंसुद्धा फिरकलं न्हाई. मेहुण्यानं मधी तोंड घातलं, सभाच झाली न्हाई म्हणाला. तसे दोघं एक झाले अन् त्याच्यावरच उलटले, “तू कोणत्या पार्टीचा रे?” बिचारा पिशवी उचलून बहिणीकडं निघून गेला.

मग भाऊंचा फोन आला. म्हटलं, संपलं. पलीकडून घोगरा आवाज, “बराबर लिहिलंस. असंच बोलणार होतो मी. आता न्हाई झाली म्हणून कुठं सांगू नको.”

दोन्ही संपादकांनीही शाबासकी दिली. जीव भांड्यात पडला हो माझा. आनंदाच्या भरात टपरीवरच्या दोन्ही पार्ट्यांना चहा पाजला अन् गाणं गुणगुणत घरी गेलो.

घरी मेहुणा पोहे खात होता. बायको माझा कालचा सदरा हातात घेऊन दारात उभी.

“काल कुठं होता?”

“सभेला.”

“मग सदऱ्याला धुराचा वास काहून येऊन राहिला? दादा म्हणतो सभा झालीच न्हाई.”

मी छाती काढून म्हणालो, “झाली न्हाई कशी? पेपरात आलंय छापून.”

तिनं सदरा बादलीत टाकला अन् शांतपणे विचारलं, “कोणत्या? तुमच्या का माझ्या?”